पुराच्या रात्रीसाठी स्वस्त लोकरी ब्लँकेट : काय बघून घ्याल, कुठे ठेवाल?

हैदराबाद : सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मुसीचे पाणी थेट महात्मा गांधी बसस्थानकात शिरले. नांदेड, लातूर, बीदरकडच्या गाड्या जिथून सुटतात, तेच हे स्थानक. त्याआधी १३ ऑक्टोबर २०२० च्या पावसाने जुन्या शहरातल्या कित्येक वस्त्या बुडवल्या होत्या. १९०८ चा पूर तर इथल्या जुन्या घराण्यांत अजून सांगितला जातो. थंडीचे शहर नाही हो आपले, पण रात्री भिजून गच्चीवर बसलेले लेकरू नि म्हातारे माणूस ऑक्टोबरातही काकडते. त्यासाठी घरात माणशी एक लोकरी ब्लँकेट बाजूला काढलेले असावे.

लोकरच का? सुती चादर किंवा गोधडी भिजली की अंगाला चिकटते, उलट गारवा धरते. लोकर बरीच ओल पोटात घेऊनही कोरडीच लागते आणि भिजली तरी थोडी ऊब राखते. शिवाय ती चटकन पेट घेत नाही. वीज गेलेल्या घरात मेणबत्त्या असतात, हे ध्यानात घ्या. पॉलिएस्टरचे मऊ ब्लँकेट हलके आणि लवकर वाळणारे खरे, पण ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटते.

बाजारात स्वस्त म्हणून मिळणारा माल बराचसा पानिपतचा. जुने लोकरी कपडे पिंजून, त्यात इतर धागा मिसळून तो विणतात. मदत वाटपात हाच दिसतो. त्याला नावे ठेवायचे कारण नाही, फक्त पारखून घ्या. उजेडासमोर धरा; जाळीसारखे दिसले तर सोडा. तळहाताने चोळा, पुंजके निघाले तर फार दिवस टिकणार नाही. कडेचे दोन धागे मागून घ्या नि घरी ताटलीत चिमट्याने धरून जाळा. केस जळल्याचा वास आणि बोटांनी चुरणारी राख म्हणजे लोकर. कडक मणी झाला तर प्लास्टिकचा धागा. दोन्ही झाले तर मिसळ.

भाव मात्र नगावर नाही, किलोवर काढा. समजा ९०० ग्रॅमचे ४०० रुपयांना आणि १८०० ग्रॅमचे ७०० रुपयांना मिळते. पहिले किलोला ४४४ रुपये पडले, दुसरे ३८९. दिसायला स्वस्त तेच महाग! माप निदान दीड बाय दोन मीटर हवे, कारण अर्धे अंगाखाली घालायला लागते. फरशीचा गारवा खालूनच चढतो.

घोंगडी हा आपला जुना पर्याय. तेलंगणात कुरुमा लोक तिला गोंगडी म्हणतात, सीमेपलीकडे धनगर-सनगरांची घोंगडी, मेंढी तीच दख्खनी. चिंचोक्याच्या खळीमुळे नवी घोंगडी ताठ असते, टोचते. वापरून मऊ पडते. पावसात मेंढपाळ तिची खोळ घेतात, यातच सगळे आले. जुनी पण धड घोंगडी गावाकडे पडून असेल तर नवे घ्यायची गरजच नाही.

आता ठेवण्याचे. लोकरीचा वैरी पाण्याइतकाच कसर. पतंगाची अळी घामट, तेलकट लोकर आधी खाते, म्हणून मळके ब्लँकेट कधीच घडी करून ठेवू नये. थंड पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, आडवे पसरून वाळवा. पूर्ण वाळल्यावरच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. किंचित दमट राहिले तरी बुरशी येईल. कडुनिंबाचा पाला वासापुरता. त्याच्यावर विसंबू नका. डांबरगोळ्या घातल्या तर लेकरांच्या हाती लागू देऊ नका, आणि ते ब्लँकेट एक दिवस वाऱ्यावर टाकल्याशिवाय तान्ह्या बाळावर घालू नका.

मे महिन्यात एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा उन्हात झटकून घडी बदलावी.

जागा दिवाणाखालची नको, पाणी पहिले तिथेच शिरते. पोटमाळ्यावर, जिन्याच्या बाजूला, अंधारात हाताला लागेल अशी ठेवा. वापरताना आधी ओले कपडे काढा, अंग पुसा, मग गुंडाळा. पुराच्या पाण्यात गटाराचेही पाणी असते. त्यात बुडालेले ब्लँकेट नीट धुऊन, कडक उन्हात वाळवूनच परत वर ठेवा.