स्टीलच्या भांड्यांची आळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अर्थशास्त्रातले लोक ज्याला 'क्लस्टर' म्हणतात, त्याला आपल्याकडे जुना, सोपा शब्द आहे. तो म्हणजे आळी. पुण्याच्या कसब्यात पेशवाईपासून तांबट आळी आहे. गावोगावी कासार आळी होती, बुरूड आळी होती. एकाच धंद्याची माणसे एकमेकांना खेटून बसली की धंदा वाढतो, हे कळायला आपल्याला कोणा परदेशी पंडिताची गरज पडली नाही. तरी त्या पंडिताचे नाव सांगून ठेवतो. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली आपल्या ग्रंथात हा विचार व्यवस्थित मांडला. अशा गावात धंद्यातली गुपिते गुपिते राहत नाहीत आणि पोरे ती नकळत शिकतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या डोळ्यांपुढे जी गावे होती त्यांत सुऱ्या-कात्र्यांचे शेफिल्ड होते.

श्रोतेहो, शेफिल्डचे नाव मुद्दाम घेतले. याच गावात १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली बंदुकीची नळी झिजू नये म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता, आणि त्यातून न गंजणारे पोलाद, म्हणजे आपले स्टेनलेस स्टील, पुढे आले. त्या पोलादाने पुढे आपल्या घरातली कल्हई घालवली आणि माझ्या शेजारच्या भाईंदरला एक आळी उभी केली.

मी ऐंशीच्या दशकात मीरा रोडला राहायला आलो. तेव्हा स्टेशनबाहेर पडले की मिठागरे दिसत. मीठ हाच इथला जुना धंदा. १८६४ साली मुंबईहून सुरतेकडे रेल्वे सुरू झाली, १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत गेली, तरी भाईंदर बराच काळ मिठाचे, भाताचे आणि मासळीचेच गाव राहिले. सत्तरच्या दशकात मुंबईत नवा कारखाना काढणे सरकारी धोरणामुळे अवघड झाले आणि जागाही महाग झाली. दहिसरच्या नाक्यापलीकडे मात्र मुंबईची जकात लागत नव्हती, गाळा स्वस्त होता आणि लोकल दारात होती. भाईंदर पूर्वेला नवघर, गोडदेव, खारीगाव या बाजूला एकेक करत भांड्यांचे गाळे आले. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महापालिका झाली. गाळ्यांची संख्या त्याआधीच मोठी झाली होती.

आता हा धंदा चालतो कसा, ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. तुमच्या ओट्यावरचा टोप एका कारखान्यात जन्मत नाही. पत्रा एकाकडे येतो, तिथे त्याचे गोल तुकडे कापतात. त्यांना धंद्यात 'सर्कल' म्हणतात. दुसऱ्याकडे प्रेसवर ते सर्कल दाबून खोलगट करतात. दाबल्याने स्टील कडक होते, आणखी दाबले तर चिरते, म्हणून ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. मग आम्लाने धुणे, कडा वळवणे, कान जोडणे आणि शेवटी पॉलिश. यातले एकेक काम वेगळ्या गाळ्यात, वेगळ्या मालकाकडे, जॉबवर्कवर. त्यामुळे थोड्या भांडवलाचा माणूसही या धंद्यात शिरू शकतो. त्याला फक्त एक प्रेस लागते, बाकीचा कारखाना गल्लीत असतो.

चौकोनी पत्र्यातून गोल कापला की शंभरातला साधारण एकवीस भाग कोपऱ्यांत उरतो. म्हणजे विकत घेतलेल्या मालाचा पाचवा हिस्सा भंगार! लांबच्या एखाद्या गावी कोणी एकट्याने हा कारखाना काढला, तर ते कोपरे पडेल त्या भावाने द्यावे लागतील. आळीत भंगारवाला दारात येतो, दुसरा त्याच्याहून रुपया जास्त देतो, आणि मोठ्या कोपऱ्यांतून वाट्या-झाकणे कापणारा तिसराच कोणी भेटतो. नफा आणि तोटा यांतले अंतर पुष्कळदा या कोपऱ्यांएवढेच असते.

सरकारने अशा आळ्यांकडे लक्ष द्यावे, असे १९९७ साली आबिद हुसेन समितीने सांगितले. पुढे केंद्राच्या योजना आल्या. सामायिक सुविधा केंद्रासाठी अनुदान मिळू लागले. चांगलेच झाले. पण सरकारने आळी वसवावी का, यावर माझे मत थोडे वेगळे आहे. इचलकरंजीला १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्यांच्या पाठीशी जहागीरदार नारायणराव घोरपडे होते. राज्यकर्त्याने तिथे उमेदीच्या माणसाला आधार दिला, माग मात्र माणसांनी वाढवले. भाईंदरला तर जहागीरदारही नव्हता. कोऱ्या माळावर प्लॉट पाडून वर 'क्लस्टर' अशी पाटी लावली की शेजार तयार होत नाही.

सरकार नक्की जे करू शकते, ते वेगळेच आहे. पॉलिशच्या गाळ्यात कधी डोकावून पाहा. चाकावर भांडे धरलेला माणूस डोळ्यांपर्यंत काळा असतो, तोंडाला फडके बांधलेले. शेफिल्डमध्ये चाकावर धार लावणारे कामगार छातीच्या रोगाने तरुणपणीच मरत. १८४३ साली कॅल्व्हर्ट हॉलंड नावाच्या डॉक्टरने त्यावर पुस्तकच लिहिले. धूळ खेचून घेणारे पंखे हा त्यावरचा उपाय तेव्हाही माहीत होता, पण कामगारही मजुरीच्या हिशेबापायी आणि मालकही खर्चापायी तो टाळत. आपल्याकडे चाकापुढे बसणारा बहुधा उत्तर प्रदेश-बिहारकडचा, नगावर मजुरी घेणारा. तो तक्रार करत नाही, गावी निघून जातो. धूळ खेचण्याची सोय आणि आम्लाच्या पाण्याची शुद्धी ही एकेकट्या गाळेवाल्याच्या आवाक्यातली कामे नव्हेत. अनुदान पहिल्यांदा इथे लागायला हवे.

आता खरी अडचण जागेची आहे. २००१ साली शहराची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. जिथे प्रेस चालते तिथे मजले उभे केले तर मालकाला आयुष्यभराची कमाई एकदम मिळते. त्याला दोष कसा द्यायचा? आणि नव्या इमारतीतल्या माणसाला रात्री प्रेसचा धडाका नको असतो, हेही खरेच. जकातीचा फायदा तर २०१७ साली मुंबईची जकातच गेल्यावर संपला.

म्हणून काहीजण वसई पूर्वेला, वालीव-सातिवलीकडे गेले. लोकलने भाईंदरहून वसई दोन स्टेशने. मध्ये फक्त नायगाव. पण खाडीवर गाड्यांसाठी सरळ पूल नाही. प्रेस भाईंदरला आणि पॉलिश वालीवला असले, की टेम्पोला काशिमिऱ्यावरून, घोडबंदरच्या तोंडाशी असलेल्या वर्सोवा पुलावरून वळसा घालून जावे लागते. पूर्वी जे टोप हातगाडीवर पाच मिनिटांत पलीकडच्या गाळ्यात जात, ते आता महामार्गावरच्या रांगेत उभे असतात, आणि टेम्पोचे भाडे प्रत्येक नगावर चढते.