एका सुताचा फरक

सोलापुरात ‘सूत’ या शब्दाला दोन घरं आहेत. विणकराच्या घरी सूत म्हणजे धागा, सुताराच्या घरी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मीटर-सेंटिमीटर कायद्यानं येऊन साठ वर्षं उलटली तरी लाकडाच्या वखारीत ‘दोन सूत कमी घे’ म्हटलं की पाव इंच कमी होतो, त्यासाठी कुणी टेप उलटी करून मिलिमीटर वाचत बसत नाही. सुतार हा शब्दसुद्धा सूत्रधारापासून आला असं व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात, आणि ते पटतं. कावेत बुडवलेली दोरी ओंडक्यावर ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची आणि उमटलेल्या तांबड्या रेघेवर करवत चालवायची, इथूनच हा धंदा सुरू होतो. आज त्याच धंद्यात टेबल सॉ आली आहे आणि तिच्यासोबत मायटर गेज. टेबलाच्या पत्र्यात पात्याला समांतर खाच असते, तीत एक पट्टी सरकते, पट्टीवर अंश कोरलेलं अर्धगोल डोकं फिरतं. लाकूड त्याला टेकवून पात्याकडे ढकलायचं, की हव्या त्या कोनात काप. हे गेज घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कंपनीचं अचूक? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. अचूकपणा एकट्या हत्यारात नसतो, एकमेकांशी जुळायच्या दोन वस्तूंच्या मधे असतो, आणि तो कामावरच तपासावा लागतो. सोलापूर जिल्ह्यात लाकडावर जे काम होत आलं, त्याचा इतिहास हेच सांगतो.

आधी गावच्या सुताराकडे पाहू. बारा बलुतेदारांतला हा माणूस नांगर, कुळव, तिफण, बैलगाडी करून द्यायचा आणि खळ्यावर धान्य घ्यायचा. त्याच्या कामाला ओबडधोबड म्हणायची शहरी सवय आहे. बाभळीच्या दिंडाला कुठे तासणीचे घाव दिसतात, कुठे साल तशीच राहिलेली असते, हे खरं. पण तिफणीचे फण बघा. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत. वर चाडं, चाड्यातून खाली उतरणारे नळे, प्रत्येक फणामागे एकेक. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरली की दोन ओळींत साधारण दीड फूट अंतर राहतं. पुढे पीक वीतभर झालं की त्याच ओळींमधून कोळपं चालवायचं असतं. तिफणीच्या दोन फणांतलं अंतर आणि कोळप्याच्या पासेची रुंदी यांचा मेळ बसला नाही तर एका बाजूला तण राहतं आणि दुसऱ्या बाजूला ज्वारीचं ताट कापलं जातं. म्हणजे या ‘ओबडधोबड’ कामात एक माप असं होतं की त्याला ढळायची मुभाच नव्हती. गंमत अशी की त्या मापाला नाव नसलं तरी चालायचं. चोवीस तसूंचा गज गावोगाव वेगळा भरायचा; एका गावचा दीड हात दुसऱ्या गावाला थोडा जास्त पडायचा. कुणाचं काही अडत नसे, कारण तिफण आणि कोळपं एकाच सुताराच्या हातचं आणि एकाच काठीनं मापलेलं. काठी खरी की खोटी हा प्रश्न तिथे उठत नव्हता. दोन औतं एकमेकांशी खरी होती, आणि रान तेवढंच मागत होतं.

शहरात हीच गोष्ट मागापाशी अधिक कडक होते. सोलापूरच्या पेठांतून साळी-कोष्टी विणकर पूर्वीपासून होते. एकोणिसाव्या शतकापासून तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हातमागाला इथे वेगळंच बळ दिलं. कापड म्हणजे काटकोनांची रास. ताणा उभा, बाणा आडवा, आणि दर इंचाला हे कितीतरी वेळा. बाण्याचा प्रत्येक धागा फणी ठोकून बसवते, म्हणून फणी ताण्याशी जितकी तिरकी तितका बाणा तिरका. जुन्या खड्डामागावर फणीची चौकट वरून दोरीनं टांगलेली असे. एक बाजू पुढे मारतेय असं दिसलं की विणकर दोरीची गाठ सोडून बोटभर वर घेई, खुंटीला एक पीळ देई, झालं. त्या मागाचे खांब जमिनीत पुरलेले, जमीन शेणानं सारवलेली. त्याला कुणी गुण्या लावून बघितला तर गुण्यालाच लाज वाटावी. तरी कापड सरळ निघे, कारण दुरुस्ती दर वितीला चालू असे. कापड सरळ निघालं का, याची परीक्षा घरोघर आजही होते आणि करणाऱ्याला ती परीक्षा आहे हे ठाऊकही नसतं. सोलापुरी चादर घडी घालताना दोघं दोन टोकांना उभे राहतात, कोपऱ्याला कोपरा लावतात. काठाला काठ बसूनही घडीचा एक कान बाहेर आला, तर तो बहुतेक मागाचा दोष असतो, धरणाऱ्याचा नव्हे.

हातमागाला ही ढिलाई परवडत होती. झटक्याच्या धोट्यानं ती काढून घेतली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हा धोटा सोलापुरात रुळला, आणि मिलमध्ये तर वाफेवर चालणारे माग त्याच्याही आधी आले होते. ‘जुनी मिल’ म्हणून सारं शहर जिला ओळखतं ती १८७०च्या दशकातली. रेल्वे १८६० साली सोलापुरात पोचली होती, म्हणून ती जड यंत्रं इथवर येऊ शकली. या मागांवर धोटा हातातून हातात जात नाही, फळीवरून फेकला जातो. मागे फणी, खाली फळी, आणि या दोघींच्या कुशीतून लाकडी धोटा मिनिटाला शंभरावर वेळा सणसणत जातो. फणी आणि धोट्याच्या पेटीची पाठ एका रेषेत नसेल तर धोटा उडून बाहेर येतो, आणि त्याच्या टोकाला पोलादी अणी असते. डोळा जाणं हा या धंद्यातला खरा धोका होता. मागांवर धोटा अडवणारे गज लावायची वेळ आली ती त्यामुळेच. आता इथली खरी मेख. फळी आणि फणी यांच्यातला कोन नव्वद अंशांचा नसतोच! तो काटकोनापेक्षा किंचित कमी ठेवतात, म्हणजे धोटा धावताना फणीला चिकटून राहतो. धोट्याचा तळ आणि पाठ यांनाही तोच कमी कोन दिलेला असतो. कुणी अतिउत्साही सुतारानं नवा कोरा गुण्या लावून धोटा ‘बरोबर’ नव्वदला रंधला, तर तो धोटा वाया गेला. अचूक म्हणजे नव्वद, हे समीकरण मागाच्या फळीवर टिकत नाही. अचूक म्हणजे ज्याच्याशी गाठ आहे त्याच्याशी जुळणारं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. तिफण आणि धोटा यांना परस्परांशी जुळणं पुरत असेल, पण खिडकीची चौकट, फोटोची फ्रेम, स्वयंपाकघरातलं कपाट यांना खराखुरा काटकोन लागतो, आणि तो कुठल्यातरी खऱ्या हत्यारातूनच आला पाहिजे. मान्य, फक्त तो हत्यारातून येत नाही, तपासणीतून येतो. शुल्बसूत्रकारांनी वेदीचे कोपरे दोरीनं धरले. आपस्तंबाच्या सूत्रात पाच-बारा-तेरासारख्या मापांनी दोरी ताणून काटकोन काढायची रीत आहे, आणि पायाची आखणी करणारा गवंडी आजही तीन फूट, चार फूट, पाच फूट असंच करतो. दोघांनाही काटकोन विकत घ्यावा लागला नाही. गुण्याचंही तसंच. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढं फाकलं त्याच्या निम्मी चूक गुण्याची. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थनं एकोणिसाव्या शतकात तीन लोखंडी पाटे आळीपाळीनं एकमेकांवर घासून तपासत खरा सपाट पृष्ठभाग मिळवण्याची जी रीत रूढ केली, तिच्यातही कुठला ‘मूळचा खरा’ पाटा नव्हताच. चूक उलटी करून तिला स्वतःशीच भिडवायचं, म्हणजे ती दुप्पट होऊन समोर येते.

मायटर गेजला हे नेमकं लावता येतं. साधारण दीड फुटाचा प्लायचा तुकडा घ्या. एक कड कापा, ती कापलेली कड गेजला टेकवून पुढची कापा, असं फिरवत चार कडा. पाचव्या वेळी पुन्हा पहिल्या कडेवरून बोटभर रुंद पट्टी काढा आणि तिची दोन्ही टोकांची रुंदी मोजा. दर फेरीला गेजची चूक आधीच्या चुकीत मिसळत जाते, म्हणून पट्टीच्या टोकांतला फरक मूळ चुकीच्या चौपट असतो. ४०० मिलिमीटरच्या पट्टीत ०.८ चा फरक आला तर एका कापाला ०.२, म्हणजे अंशाच्या तिसाव्या-पस्तिसाव्या भागाएवढी चूक. कपाटाला ती चालते. पण तेच गेज पंचेचाळीसवर फिरवून फ्रेम करायला घेतली तर हिशेब बदलतो. चार कोपरे, आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला आणि सगळे एकाच बाजूला चुकले, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट. ती भुसा आणि फेविकॉलनं भरून निघते असं मानणारी एक जमात आहे. पॉलिश लागलं की त्यांचं पितळ उघडं पडतं.

म्हणून गेज घेताना डोक्यावर किती बारीक अंश कोरलेत हे मी सगळ्यात शेवटी बघेन. आधी पट्टी खाचेत घालून दोन बोटांनी आडवी हलवावी. तिथे अर्धा मिलिमीटर हलत असेल तर वरच्या कोरीव अंशांना काही अर्थ उरत नाही, कारण लाकूड ढकलताना दर वेळी कोन नवा. खाचेचं मापही सगळीकडे एक नाही. अमेरिकी पद्धतीच्या मशीनला पाऊण इंचाची खाच असते, स्वस्तातल्या छोट्या मशीनना कसलीही. एकीचं गेज दुसरीला बसेलच असं नाही. तिफणीला कोळपं जुळवण्याचाच हा प्रकार. पट्टी घट्ट बसली तरी खाच पात्याला समांतर आहे का हे वेगळं पाहावं लागतं. पात्याच्या एकाच दाताला खूण करून तो पुढे आणि मागे खाचेपासून किती दूर येतो ते मोजायचं. त्यात फरक असेल तर दोष टेबलाचा आणि शिव्या गेजला.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: महागड्या गेजला चूक नसते, पैसे मोजले की ही कटकट संपते, आणि आता तर सरकत्या टेबलाच्या मोठ्या पॅनेल सॉ आल्या आहेत. पैशानं काय मिळतं ते नीट पाहिलं पाहिजे. चांगल्या गेजच्या डोक्यात ठरलेल्या अंशांवर खटका बसतो, त्यामुळे पंचेचाळीसवरून नव्वदवर आणि परत पंचेचाळीसवर आलं तरी ते तिथेच येतं. ही मोलाची गोष्ट आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजावेत. पण तिथेच येणं म्हणजे खरं असणं नव्हे. खटका चुकीच्या जागी बसला असेल तर तो दर वेळी निष्ठेनं तीच चूक करील. यंत्रमागानं हेच केलं होतं: हातमागाची चूक वितीत सापडायची, यंत्रमागाची चूक आख्ख्या ताग्यात उतरायची. पॅनेल सॉ बसवायला येणारा कंपनीचा माणूसही शेवटी प्लायवर काप घेऊन, तुकडा फिरवून, पट्टी मोजूनच सही घेतो.

राहिला तिसरा आक्षेप, जुन्या मिस्त्रींच्या नजरेचा. त्यांना गेज लागत नव्हतं, नजरेनंच कोन कळायचा, असं कौतुकानं सांगितलं जातं. नजर होती यात शंका नाही. पण त्या नजरेला मागे यायची सवड होती. हातकरवत रेघ सोडू लागली की मनगट वळतं, रंधा एक पापुद्रा अधिक काढतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पाचर असतेच. टेबल सॉचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, काप दोन सेकंदांत संपतो, आणि नजर जागी होईतो तुकडा खाली पडलेला असतो. तपासणी कापाच्या वेळची होती, ती कापाच्या आधी न्यावी लागली, एवढाच बदल. म्हणून नवं गेज खाचेत ढिलं निघालं तर जाणते कारागीर ते परत करायच्या आधी सेंटर पंच घेतात आणि पट्टीच्या कडेला दोन-चार ठोके मारतात. ठोक्याच्या खळगीभोवती धातू केसभर फुगतो आणि पट्टी खाचेत घट्ट बसते. जास्त घट्ट झाली तर कानस आहेच.