एका अणूइतका फरक

1980 च्या आसपासचं लेनिनग्राड. वाव्हिलोव्ह ऑप्टिकल संस्थेत, अलेक्सेई एकिमोव्ह यांच्या भट्टीपाशी तुम्ही उभे आहात. काचेत कॉपर क्लोराइड मिसळलंय. काही तुकडे तासभरच तापवलेत, काही थेट 96 तास. दोन्ही उजेडात धरून बघा. डोळ्यांना फरक कळणार नाही, कारण इथला सगळा खेळ अतिनील प्रकाशाचा. पण तुकडे द्रव हेलियममध्ये गार करून वर्णपट घेतला, की शोषणाची रेघ सरकलेली दिसते. कमी तापवलेल्या काचेत कॉपर क्लोराइडचे स्फटिक लहान राहतात, आणि स्फटिक जितका लहान तितकी रेघ आखूड तरंगलांबीकडे.

पदार्थ तोच, मग रेघ का सरकते? प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे रिकामी जागा सोडतो. मोठ्या स्फटिकात ही जोडी ऐसपैस वावरते. स्फटिक दोन-तीन नॅनोमीटरचा झाला की तिला भिंती लागतात. कोंडल्याने ऊर्जा चढते. आकार निम्मा झाला तर ही वाढ साधारण चौपट होते.

1983 मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये डोकावा. लुई ब्रुस यांच्या टेबलावर कॅडमियम सल्फाइडचे कण काचेत अडकलेले नाहीत, ते द्रावणात मोकळे आहेत. पण नुसतं ठेवलं तरी ते वाढतात: साडेचारचे साडेबारा नॅनोमीटर होतात आणि वर्णपटही बदलतो. आकार हाताबाहेर गेला की रंगही गेला.

म्हणून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या एमआयटीत जरा जास्त वेळ थांबा. मौंगी बावेंडी, क्रिस्टोफर मरे आणि डेव्हिड नॉरिस कॅडमियम सेलेनाइडवर काम करताहेत. चंबूतलं तेलकट द्रावक 300 अंशांवर आहे. सिरिंजमधलं कॅडमियम-सेलेनियमचं मिश्रण एका झटक्यात आत जातं. तापमान 180 पर्यंत कोसळतं, द्रावण पिवळं-नारिंगी होतं. झटका हवाच: सगळ्या कणांचं बीज एकाच क्षणी पडतं आणि तापमान उतरल्यामुळे नवं बीज धरत नाही. मग आच हळूहळू वाढवायची. मधेमधे नमुना काढत राहा. पिवळा, नारिंगी, लाल असा रंग गडद होत जातो.

अतिनील दिव्याखाली झळकणाऱ्या बाटल्यांचे फोटो पुढे जगभर छापले जातील. मला मात्र यानंतरची पायरी अधिक मोलाची वाटते. द्रावणात मेथॅनॉल थेंबाथेंबाने सोडा. द्रावण गढूळ होऊ लागतं; सर्वांत मोठे कण आधी खाली बसतात. ते वेगळे काढा, पुन्हा विरघळवा, पुन्हा मेथॅनॉल. लहानमोठे कण मिसळलेले असतील तर प्रत्येकाचा रंग निराळा आणि वर्णपटात नुसता फुगवटा. निवड होत जाते तशी फुगवट्यातून धारदार शिखरं वर येतात. शेवटी व्यासातला फरक पाच टक्क्यांच्या आत येतो. पाच नॅनोमीटरच्या कणासाठी हा फरक पाव नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम एका अणूच्या रुंदीएवढा.