‘इनग्रेन्ड’ : एका शब्दाचा पूर्वेतिहास

सवय, समजूत, पूर्वग्रह यांना लावल्या जाणाऱ्या ‘इनग्रेन्ड’ या इंग्रजी विशेषणासाठी आपण ‘खोलवर रुजलेला’ असा प्रतिशब्द सहज योजतो. ‘ग्रेन’ म्हणजे धान्याचा दाणा. तेव्हा रुजण्याची कल्पना व्युत्पत्तीलाही धरून आहे, असे वाटते. परंतु या शब्दाचा इतिहास शेतात नव्हे, तर रंगाऱ्याच्या कढईत घडला आहे.

भूमध्य समुद्राच्या परिसरात ओकच्या एका जातीवर केर्मीस नावाचा किडा पोसला जातो. त्याच्या मादीचे वाळलेले शरीर गोल दाण्यासारखे दिसते. ग्रीकांनी त्याला ‘दाणा’ याच अर्थाचे नाव दिले. पुढे लॅटिन ‘ग्रानुम’पासून आलेला जुना फ्रेंच शब्दही या रंगद्रव्याचा वाचक झाला व तोच इंग्रजीत ‘ग्रेन’ म्हणून आला. तुरटीच्या योगाने हा तांबडा रंग लोकरीवर पक्का बसे. म्हणून ‘इन ग्रेन’ रंगविलेले वस्त्र मोलाचे आणि न विटणारे ठरले.

चौदाव्या शतकात चॉसरने हा प्रयोग केला आहे. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील ऑलिव्हिया आपल्या मुखाचा वर्ण ‘इन ग्रेन’ असल्याचे सांगते, तेव्हा विशिष्ट रंग मागे पडून टिकाऊपणा तेवढा उरलेला दिसतो. पुढे विणण्यापूर्वीच रंगविलेल्या सुताच्या गालिच्यांनाही ‘इनग्रेन’ म्हणू लागले. दरम्यान ‘ग्रेन’ म्हणजे लाकडाची शीर, हा अर्थ रूढ झाला आणि मूळ रंग विस्मृतीत गेला. मिल्टनच्या ‘इल पेन्सेरोसो’ (1645) या काव्यातील ‘ग्रेन’ रंगवाचक आहे, हे जॉर्ज मार्श यांना 1860 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत विस्ताराने समजावून द्यावे लागले.

मराठीला या इतिहासाचा दुवा अपरिचित नाही. आपला ‘किरमिजी’ अरबी-फारसीतून आला. त्याच्या मुळाशी असलेला इराणी ‘किर्म’ हा संस्कृत ‘कृमि’चा सगोत्र होय. इंग्रजी ‘क्रिम्झन’ही त्याच कुळातील आहे. युरोपीयांनी ज्याला दाणा मानले, त्याला पूर्वेकडील भाषांनी किडाच म्हटले.

‘रुजलेला’ या प्रतिशब्दात तोच दाण्याचा भ्रम पुन्हा येतो. अर्थदृष्ट्याही तो उणा पडतो. रुजलेले उपटता येते. धाग्यात भिनलेला रंग धाग्यापासून वेगळा करता येत नाही. पूर्वग्रहाला ‘इनग्रेन्ड’ म्हणणारा इंग्रजी लेखक हीच दुसरी गोष्ट सांगत असतो. म्हणून ‘भिनलेला’ किंवा ‘मुरलेला’ हे आपले नित्याचे शब्दच भाषांतरकाराने व कोशकाराने अधिक ग्राह्य मानावेत.