शके ९७६ चा तारा

उत्तर कोकणावर शिलाहारांची सत्ता असता, अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखावर शके ९८२ ही मिती कोरली जाण्यापूर्वी अवघी ६ वर्षे, म्हणजे इ. स. १०५४ च्या जुलै महिन्यात, वृषभ राशीत एक तारा असा प्रज्वलित झाला की तो २३ दिवस भरदिवसा दिसत राहिल्याची नोंद चिनी दरबाराच्या दफ्तरात दाखल झाली. पनवेलच्या मुलखात ते ऐन पर्जन्यकाळाचे दिवस होते.

त्या महास्फोटाचा अवशेष म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ, आणि त्याच्या अंतर्भागी स्वतःभोवती सेकंदास सुमारे ३० फेरे घेणारा न्यूट्रॉन तारा, ज्यास स्पंदक म्हणतात. कुलाबा व अलिबाग येथील वेधशाळांचा वारसा चालविणाऱ्या नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत ज्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास होतो, ते आपल्या भूमीवर अर्ध्या गाउसहूनही कमी भरते. या स्पंदकाचे क्षेत्र काही लाख कोटी गाउस असल्याचे अनुमान आहे.

या तेजोमेघातून येणारे क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणातच शोषले जात असल्यामुळे त्यांचे वेध घेण्यास उपकरण हवेच्या वर न्यावे लागते. ७ जुलै १९६४ रोजी चंद्र या तेजोमेघाचे पिधान करीत असता शास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या घटिकेस अग्निबाण सोडला. उगम बिंदुवत असता तर किरण एकाएकी लोपले असते, ते क्रमाक्रमाने मंदावले; चंद्रबिंबाच्या कडेचाच मापनयष्टीसारखा उपयोग करणारी ही युक्ती मला त्या साऱ्या इतिहासात सर्वांत बुद्धिमान वाटते. १९६९ मध्ये स्पंदकाचे क्ष-किरण स्पंदही सापडले.

पुढचा अध्याय पनवेलवरून जाणाऱ्या मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन टोकांशी निगडित आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी उडालेल्या ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रहाच्या क्ष-किरण उपकरणांत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. त्यांतील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड उपकरणाच्या नोंदींचे केंद्र पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र-संस्थेत आहे. या उपकरणाच्या एका चौकटीत विखुरलेला किरण शेजारच्या चौकटीत कोणत्या दिशेने शिरतो, यावरून त्याचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनांची दिशा, ताडता येते. खेकडा तेजोमेघातील स्पंदकाच्या सुमारे १८ महिन्यांच्या निरीक्षणांतून, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निघाला की स्पंदकाचे झोत आपल्याकडे वळलेले नसतात त्याच कालावधीत ध्रुवण सर्वांत वेगाने पालटते, आणि प्रचलित उपपत्तींपैकी एकीलाही त्याची समाधानकारक संगती लावता आली नाही.