धाकटीचा दावा

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी १९७६ साली एका मुलीचे कान तपासले आणि ऐकू येतं, असं सांगितलं. ती ठार बहिरी होती! दोष आनुवंशिक. आईवडिलांना हे कळलं ऑक्टोबर १९७७ मध्ये. त्याआधी ऑगस्टमध्येच धाकटी जन्मली होती, तीही बहिरी. वेळीच कळतं तर दुसरं मूल होऊ दिलं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

उशिरा निदानाचा थोरलीचा दावा होताच. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो धाकटीच्या नावाचा. म्हणजे लेकरानं म्हणायचं, 'मी जन्मायलाच नको होते'? मला कसंसंच झालं.

१९८२ साली न्यायमूर्ती ओटो काउस यांनी बहुमताचा निकाल लिहिला. बहिरं जन्मण्यापेक्षा न जन्मणं बरं, याचं मोल करता येत नाही, म्हणून त्याची भरपाई नाही. मात्र खास शिक्षण आणि श्रवणयंत्रं यांचा जन्मभराचा जादा खर्च मागता येईल. माझ्यासारख्या मास्तराला हे पटतं. खर्च खराच होता, आणि तो कुणीतरी सोसणारच होतं.