चार गड्यांचा रणगाडा

भोपाळहून जेमतेम पन्नास किलोमीटरवर सांचीचा स्तूप आहे. त्याच्या दक्षिण तोरणावरील एका आडव्या पट्टीवर बुद्धाच्या अस्थींसाठी कुशिनगराला पडलेल्या वेढ्याचे शिल्प आहे. काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चारही अंगे तिथे दाटीवाटीने कोरलेली आहेत. या चतुरंग सेनेवरूनच आपल्याकडे पटावरचा चतुरंग खेळ निघाला आणि त्याचेच पुढे बुद्धिबळ झाले.

मात्र रणातून पटावर येताना एक गोष्ट वाटेत गळून पडली. रणातला हत्ती एकटा लढत नसे. त्याच्या मानेवर माहूत असे आणि पाठीवर लढवय्या. रथातही रथी वेगळा आणि सारथी वेगळा. पटावरचा हत्ती मात्र खेळणाऱ्याच्या बोटाने सरकतो, त्याला माहूत नाही. सगळा पट एकाच्या डोळ्यांसमोर आणि सगळे सैन्य एकाच्या हुकमात, असे सुख कोणत्याही सेनापतीच्या वाट्याला कधी आले नसेल.

हा गळालेला माहूत आज संगणकाच्या खेळात परत आला आहे. भोपाळ असो वा बेळगाव, घरातली मुले कानाला हेडफोन लावून रात्री जो रणगाड्याचा खेळ खेळतात, त्यातल्या काही खेळांत एका रणगाड्यात तीन-चार जण बसतात. एक हाकतो, एक नेम धरतो, एक तोफ भरतो आणि एक वर बसून हुकूम देतो. चौघे चार घरांत, कधी चार गावांत असतात, पण रणगाडा एकच. या खेळाचा वंश शोधू गेले तर तो बुद्धिबळापेक्षा रथाकडे अधिक जातो.

रथाचे मर्म महाभारताने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. कर्णपर्वात कर्णाचे सारथ्य शल्याकडे येते. शल्य घोडे उत्तम हाकतो, पण रथ्याचा तेजोभंग करीत हाकतो. समोरच्या रथात अर्जुन आणि त्याचा सारथी श्रीकृष्ण. दोन्ही रथांतले धनुर्धर तोलामोलाचे होते. फरक होता तो पुढच्या बैठकीत. गंमत म्हणजे ‘चमू’ हा शब्दही तिकडचाच. जुन्या गणतीत ७२९ रथ, ७२९ हत्ती, २१८७ घोडे आणि ३६४५ पायदळ मिळून एक चमू होई. आज आपण चार माणसांच्या संघालाही चमूच म्हणतो.

मधल्या काळात रथ मागे पडला आणि घोडेस्वार पुढे आला. त्याचा मराठी मुलखाबाहेरचा एक मोठा पराक्रम भोपाळलाच घडला. डिसेंबर १७३७ मध्ये निजाम आपल्या तोफखान्यासह भोपाळच्या आश्रयाला जाऊन बसला. पहिल्या बाजीरावाने तटावर डोके आपटले नाही. वेगवान स्वारांनी रसद तोडली आणि निजामाला अन्नाला महाग केले. ७ जानेवारी १७३८ ला दोराह्याचा तह झाला आणि नर्मदा-चंबळेमधल्या मुलखावरचा मराठ्यांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. या फौजेतला प्रत्येक स्वार स्वतःच सारथी आणि स्वतःच रथी होता. घोडा आणि माणूस यांच्यात तिसऱ्याचा शब्द लागत नव्हता.

विसाव्या शतकात हाच स्वार पुन्हा रथात बसला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत इंग्रजांनी रणगाडे प्रथम उतरवले. त्यात आठ माणसे होती आणि नुसते वळण घ्यायलाही त्यांतले चार जण लागत. इंजिनाच्या गोंगाटात बोललेले ऐकू येत नसे, म्हणून हातोडीने पत्र्यावर ठोके देऊन खुणा करीत. बाहेर निरोप धाडायला कबुतरे बरोबर असत.

१९४० मध्ये या सहकार्याची कठोर परीक्षा झाली. फ्रेंचांचे सोमुआ रणगाडे चिलखताने जाड होते, पण त्यांच्या बुरुजात एकच माणूस मावे. त्यानेच शत्रू शोधायचा, तोफ भरायची, नेम धरायचा आणि हुकूमही द्यायचा. जर्मनांच्या तिसऱ्या क्रमांकाच्या पँझरमध्ये ही कामे बुरुजातल्या तिघांत वाटलेली होती आणि बोलायला रेडिओ होता. फ्रान्सच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. तरी एका डोक्यावर चौघांचे ओझे टाकले की काय होते, याचा हा पक्का दाखला आहे.

आपल्याकडे १९३८ पासून घोडदळाचे रिसाले घोडे सोडून यंत्रांवर चढू लागले. १८१७ च्या पुण्याच्या तहातून उभा राहिलेला ‘पूना हॉर्स’ त्यांतलाच एक. नावात घोडा राहिला, जवानाचा हुद्दाही ‘सवार’ राहिला, पण लगाम वाटला गेला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणात याच रिसाल्याचे २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जळता रणगाडा सोडून मागे यायला तयार झाले नाहीत. ते तिथेच पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. हे नाव शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्यांच्या ‘फामागुस्ता’ या सेंच्युरियन रणगाड्यात प्रयागसिंह, नथूसिंह आणि नंदसिंह असे तीन सवारही होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो रणगाडा आज अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, चिलखती दलाच्या शिक्षणकेंद्रात जतन केलेला आहे.

अशा चमूला शिकवायचे कसे? इंधन, गोळे, मैदान, सगळेच महाग. १८२४ मध्ये प्रशियाच्या राईसवित्झ या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ सादर केला. त्यात पंच असे आणि खेळणाऱ्याला शत्रूचे सगळे सैन्य दिसत नसे. पटावरचे सर्वज्ञपण तिथे प्रथम गेले. पुढे १९८३ पासून अमेरिकेत ‘सिमनेट’ची उभारणी सुरू झाली. आतून रणगाड्यासारख्या दिसणाऱ्या खोक्यांत पुरा चमू बसवायचा आणि दोनशेहून अधिक खोकी तारांनी जोडायची. हुबेहूबपणाचा हट्ट त्यांनी धरला नाही. चौघांना एकमेकांशी बोलून काम करावे लागेल एवढेच खरे ठेवले. २००१ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया या कंपनीने ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ हा खेळ आणला आणि ही कल्पना घराघरांत पोचली. त्याच घराण्याचा ‘आर्मा’ पुढे आला.

या खेळात हरण्याचे एक कारण दोन भाषांत नांदणाऱ्या आपल्या घरांना लगेच पटेल. मराठीत ‘डावा’ म्हणजे एक बाजू आणि हिंदीत ‘दायाँ’ म्हणजे बरोबर उलटी. गोंगाटात पहिले अक्षर चुकले की रणगाडा खड्ड्यात. बेळगावकडे कानडीत डावे म्हणजे ‘एड’ आणि उजवे म्हणजे ‘बल’. तेव्हा चौघांनी आधी बसून एक शब्द ठरवावा लागतो, तो कोणाच्या का भाषेतला असेना. आपली भाषा मोठी की शेजाऱ्याची, हा वाद त्या लोखंडी खोलीत टिकत नाही. आणि घरी आल्यावर कोणाची मायबोली त्यामुळे लहानही होत नाही.

पण खेळ तो खेळच. आपल्या कबड्डीच्या संजीवनी प्रकारात मेलेला गडी पुन्हा उठतो, तसा या खेळातलाही उठतो. खेळणाऱ्याला हे ठाऊक असते, पाहणाऱ्याला नसते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत ‘आर्मा’तलीच चित्रे खऱ्या युद्धाची म्हणून मोबाइलवर फिरली आणि भल्याभल्यांनी ती खरी मानली.

रणगाड्यांचा मोठा भार वाहणारी सेनेची सुदर्शन चक्र कोअर भोपाळलाच आहे. त्याच शहरात अरेरा टेकडीवर १४ ऑक्टोबर २०१६ रोजी शौर्य स्मारक खुले झाले. त्याची दालने क्रमाने जीवन, रणभूमी, मृत्यू आणि मृत्यूवरचा विजय दाखवतात. खेळणारी मुले दुसऱ्या दालनात रमतात, त्यात वावगे काही नाही. एकमेकांच्या शब्दावर विसंबणे तिथे शिकता येते. मात्र एकदा तरी त्यांना हाताशी धरून या टेकडीवर न्यावे आणि तिसऱ्या दालनातून सावकाश चालवावे. प्रयागसिंह, नथूसिंह आणि नंदसिंह ही नावे सांगायला ती जागा योग्य आहे.